नाताळ आधी चुलीवर येतो

सणाच्या आदल्या रात्री स्वयंपाकघर थंड असावं, हे आपल्या सणांच्या रीतीत बसत नाही. पुरण सणाच्या सकाळी शिजतं, उकडीचे मोदक आरतीच्या वेळेला वाफेतून उतरतात, आणि घरातली बाई नैवेद्य दाखवून होईपर्यंत ओट्यापासून हलत नाही. वसई, उत्तन, गोराईपासून खाली गोव्यापर्यंतच्या कॅथलिक घरांचं गणित वेगळं आहे. २४ डिसेंबरच्या रात्री सगळं घर मिस्सेला जातं. चुलीपाशी अडकलेल्या बाईची मिस्सा चुकते, आणि नाताळची मिस्सा चुकवणं ही काही साधी गोष्ट नव्हे. त्यामुळे नाताळात जे खाल्लं जातं, त्यातलं बरंचसं तोपर्यंत करून ठेवलेलं असतं. काही तीन दिवस आधी, काही तीन आठवडे आधी. मसाला तर मे महिन्यात.

चर्चच्या पंचांगात या आधीच्या दिवसांना आगमनकाळ म्हणतात. ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी तो सुरू होतो आणि नाताळपर्यंत चालतो. मध्ये चार रविवार येतात, म्हणून त्याची लांबी दरवर्षी बदलते. कमीत कमी २२ दिवस, जास्तीत जास्त २८. धर्मगुरूंचा पोशाख या काळात जांभळा असतो, फक्त तिसऱ्या रविवारी गुलाबी. वेदीजवळच्या हिरव्या चक्रावर दर रविवारी एक मेणबत्ती जास्त लागते. हे मेणबत्त्यांचं चक्र आज कॅथलिक चर्चमध्ये सर्रास दिसत असलं तरी ते मूळचं जर्मन ल्युथरन लोकांचं. हॅम्बुर्गच्या योहान हिनरिश विखर्न यांनी १८३९ मध्ये अनाथ मुलांना नाताळपर्यंतचे दिवस मोजता यावेत म्हणून ते बनवलं. धर्माच्या इतिहासात पंथ भांडतात आणि मेणबत्त्या इकडून तिकडे जातात, असं बरेचदा झालेलं आहे.

आगमनकाळ म्हणजे वाट पाहण्याचा काळ, असं प्रवचनात दरवर्षी सांगतात. पण रविवारी तासभर चर्चमध्ये बसून कितीशी वाट पाहिली जाणार? हा काळ खऱ्या अर्थाने कुठे जगला जात असेल तर तो स्वयंपाकघरात, असं माझं मत आहे. नारळ खवणं, रस काढणं, पीठ दळून आणणं, डबे घासणं, पेरू उकडणं, रोज संध्याकाळी मुलांना बसवून कुलकुल वळून घेणं, हे सगळं त्या चार आठवड्यांत मावतं. आणि केलेलं खायचं नसतं. डब्यावर झाकण बसतं आणि डबा वर ठेवला जातो.

खायचं नसतं यामागे चर्चचा जुना नियमही होता. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या कायद्यात नाताळचा आदला दिवस उपवासाचा होता आणि त्या दिवशी मांस वर्ज्य होतं. १९६६ मध्ये पोप सहावे पॉल यांनी उपवासाचे नियम सैल केले आणि ही सक्ती गेली. तिचा माग मात्र जेवणात राहिला. पोर्तुगालमध्ये आजही २४ तारखेच्या रात्रीचं पारंपरिक जेवण खारवलेल्या कॉड माशाचं असतं. मोठी मेजवानी दुसऱ्या दिवशी. दिवसभर उपास, रात्री लांबलचक मिस्सा आणि मध्यरात्रीनंतर भुकेलेलं घर परत येणार, हा क्रम डोळ्यांपुढे आणला तर आपल्या किनाऱ्यावरचा नाताळचा पदार्थ कसा असायला हवा ते आपोआप ठरतं. तो थंड खाता आला पाहिजे किंवा नुसता गरम करून वाढता आला पाहिजे. शिवाय सहा जानेवारीपर्यंत येणाऱ्या पाहुण्यांना पुरला पाहिजे, आणि तेही फ्रिज नसताना.

मेमधल्या मसाल्यापासूनच सुरुवात करू. मुंबई, साष्टी आणि ठाण्याच्या किनाऱ्यावरचे ईस्ट इंडियन हे मूळचे इथलेच कोळी, कुणबी, भंडारी वगैरे समाजांतले लोक, पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेले. वसईच्या पट्ट्यात सामवेदी आणि वाडवळ ख्रिस्तीही आहेत, आणि त्यांच्यातले अनेक जण आपली ओळख त्याच नावांनी सांगतात. गुजरातच्या बहादूरशहाने २३ डिसेंबर १५३४ रोजी, नाताळ दोन दिवसांवर असताना, तहाने वसई पोर्तुगिजांना दिली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने ती जिंकली. दोनशे पाच वर्षांनी पोर्तुगीज गेले, पण धर्म राहिला आणि त्याच्याबरोबर व्हिनेगर घालून मांस शिजवायची रीतही राहिली. बोली मराठीचीच राहिली, आडनावं परेरा आणि डिमेलो झाली. ईस्ट इंडियन हे नाव १८८७ मधलं. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली त्या वर्षी मुंबईच्या स्थानिक कॅथलिकांनी ते घेतलं, कारण नोकऱ्यांसाठी गोव्याहून आणि मंगळुराहून येणाऱ्या कॅथलिकांपासून आपण वेगळे आहोत, हे त्यांना इंग्रज सरकारच्या डोळ्यांत भरवायचं होतं.

या समाजाची चवीची खूण म्हणजे बॉटल मसाला. मिरच्या दोन-तीन प्रकारच्या, हळद, धणे, जिरं, मिरी, दालचिनी, लवंग, नागकेशर, दगडफूल, तीळ, खसखस, कुठे गहू आणि चण्याची डाळही. पंचवीस-तीस जिन्नस सहज होतात आणि प्रत्येक घराचं प्रमाण निराळं. एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या कडकडीत वाळवायच्या, जिन्नस एकेक करून भाजायचे, मग लाकडी उखळात उंच मुसळांनी बायकांनी आळीपाळीने कुटायचे. पाऊस सुरू झाला की हवेतला ओलावा मसाल्यात शिरतो, म्हणून हे काम जूनच्या आत व्हावं लागतं. कुटलेला मसाला बियरच्या गडद रंगाच्या बाटल्यांमध्ये काठीने ठासून भरतात. यातली युक्ती साधी आहे. गडद काचेतून उजेड कमी जातो म्हणून मिरचीचा रंग टिकतो, आणि ठासून भरल्याने आत हवा राहत नाही म्हणून वास टिकतो. नाताळच्या रश्श्याला लागणारी बाटली अशी सात महिने आधी भरून ठेवलेली असते. आगमनकाळ नोव्हेंबर-डिसेंबरच्या सांध्यावर सुरू होतो, हे पंचांगापुरतं खरं.

टिकवण्याच्या विद्येतला सर्वांत कसलेला पदार्थ म्हणजे सोरपोतेल. डुकराचं मांस, काळीज आणि इतर आतले भाग आधी अर्धवट उकडायचे, शेंगदाण्याएवढे बारीक तुकडे करायचे, ते त्यांच्याच चरबीत परतायचे आणि व्हिनेगरमध्ये वाटलेल्या मसाल्यात शिजवायचे. जुन्या पद्धतीत रक्तही घालतात. हा पदार्थ पोर्तुगालच्या आलेंतेजू प्रांताकडून आला. त्याचा भाऊबंद ब्राझीलमध्येही आहे. सोरपोतेल केल्या दिवशी खात नाहीत. नाताळच्या तीन-चार दिवस आधी करून ठेवतात आणि रोज एकदा उकळी आणतात. आंबटपणामुळे जंतूंची वाढ दबते, वर गोठलेला चरबीचा थर हवा अडवतो आणि रोजची उकळी उरलेलं काम करते. तेवढ्या अवधीत व्हिनेगरचा पहिला तिखट झणका उतरून तो मांसात मुरतो. पहिल्या दिवशीचं सोरपोतेल आणि चौथ्या दिवशीचं सोरपोतेल ही दोन वेगळी कालवणं आहेत, आणि चौथ्या दिवशीचं खाल्लेला माणूस पहिल्याकडे वळूनही पाहत नाही.

व्हिनेगर पोर्तुगीज आपल्या बोटींतून किती आणणार? इथे माड होते. माडाची नीरा सकाळी गोड असते. हवेतल्या यीस्टमुळे काही तासांत ती आंबून माडी होते, आणि माडी तशीच आठवडे ठेवली की दुसऱ्या जातीचे जंतू तिच्यातल्या मद्यार्काचं आम्ल करतात. तेच व्हिनेगर. हीच माडी पावाच्या आणि सान्नांच्या पिठात यीस्टचं काम करते. तांदूळ वाटून माडी घालून आंबवलेल्या आणि वाफवलेल्या सान्ना सोरपोतेलाबरोबर गोव्यात लागतातच. ईस्ट इंडियन घरांत त्या जागी फुगे येतात. मैदा, नारळाचं दूध, अंडं आणि माडी यांचं सैलसर पीठ मुठीत धरून अंगठ्याच्या बेचक्यातून कढईत सोडायचं. ते टम्म फुगून गोल होतं. एकाच झाडाने गोड, आंबट, फुगवणारं आणि चढणारं असं चारही द्यावं, हे पाहून पोर्तुगीज स्वयंपाक्यांनी द्राक्षांची आठवण काढणं सोडलं असेल. आता माडी काढणारे कमी होत चालले आहेत. माडावर चढण्याचं काम पोरांना नको असतं, म्हणून बहुतेक घरांत पाकिटातलं यीस्ट आलं आहे. फुगे त्यानेही फुगतात. वास मात्र येत नाही.

गोडाकडे वळलं की इतिहास आणखी गुंतागुंतीचा होतो. गोव्याच्या नाताळच्या ताटात नेवऱ्या, दोदोल, बेबिंका, दोस, बातिक, पेराद, कुलकुल, पिनाग असे दहा-बारा प्रकार असतात. त्यांच्याकडे नीट पाहिलं तर तांदूळ, नारळ आणि गूळ या तिघांशिवाय यातले निम्मे उभेच राहणार नाहीत. पिनाग म्हणजे भाजून भरड दळलेला तांदूळ, गूळ आणि खोबरं यांचे लांबट मुटके. यात पोर्तुगीज काहीही नाही. नेवरी ही आपली करंजीच. गोव्यातली हिंदू घरं ती चवथीला करतात आणि ख्रिस्ती घरं नाताळला, सारणही बरंचसं तेच. धर्म बदलला तरी हाताचं वळण बदललं नाही.

आणि हे वळण मोडायचा प्रयत्न झाला नव्हता असं नाही. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन सुरू झालं आणि १८१२ पर्यंत राहिलं. १७३६ साली त्याने काढलेल्या हुकूमनाम्यात नवख्रिस्ती घरांनी काय करू नये याची लांबलचक यादी होती, अ. का. प्रियोळकरांनी गोव्याच्या इन्क्विझिशनवरच्या आपल्या १९६१ च्या ग्रंथात ती सविस्तर दिली आहे. अंगणात तुळस नको, धोतर नको, चोळी नको, आणि भात बिनमिठाचा शिजवून नंतर वरून मीठ घेणं नको, कारण तसं हिंदू करतात. भातात मीठ कधी घातलं यावरून माणसाची श्रद्धा ओळखू पाहणारं सरकार किती भेदरलेलं असेल! पण हुकूम काढावा लागला, त्या अर्थी ख्रिस्ती होऊन दोनशे वर्षं झालेली घरंही तसाच भात शिजवत होती. लग्नाआधी नवरा-नवरीच्या अंगाला नारळाचा रस चोळणं हेही त्या बंदीत होतं. तो रोसाचा विधी आजही गोव्यात आणि मंगळुरात कॅथलिक लग्नात थाटाने होतो. हुकूमनामा ग्रंथालयात आहे.

दोदोलबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण घरातल्या सगळ्यांना कामाला लावणारा हा पदार्थ. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा काळा गूळ. गोव्यात हा गूळ शंकूच्या आकाराच्या ढेपांत मिळतो. नारळाचा पहिला दाट रस बाजूला ठेवून दुसऱ्या पातळ रसात पीठ आणि गूळ कालवतात, मोठ्या तांब्याच्या किंवा जाड बुडाच्या पातेल्यात घालतात आणि ढवळायला लागतात. पीठ गरम झालं की त्यातला स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि मिश्रण खळीसारखं घट्ट होतं. इथे हात थांबला तर बुडाला लागलंच. मग दाट रस जातो, आणि ढवळणं दोन-तीन तास चालतं, पाणी उडून जाईपर्यंत आणि नारळाचं तेल कडेने सुटेपर्यंत. तेल सुटणं ही पदार्थ झाल्याची खूण, आणि तो टिकण्याचं कारणही तेच. पाणी कमी, साखर जास्त, त्यामुळे बुरशीला आधार नाही. थापून थंड झालेला दोदोल सुरीने कापतात. हा पदार्थ एकट्या गोव्याचा नव्हे. मलेशिया, इंडोनेशिया, श्रीलंका, सगळीकडे तो याच नावाने आहे, आणि तिथे तो ईदलाही होतो. हिंदी महासागरात गलबतं ज्या वाटांनी फिरली त्या वाटांवर जिथे माड आणि तांदूळ होते तिथे दोदोल आहे.

बेबिंकाची गोष्ट वेगळी. तिच्यात अंड्याचे बलक लागतात आणि तेही डझनांनी. पोर्तुगालच्या मठांमध्ये अंड्याचा पांढरा भाग जोगिणींच्या कपड्यांना खळ करायला आणि वाइन निवळवायला वापरला जात असे. उरलेल्या बलकांचं काय करायचं यातून तिथली पिवळीधमक मिठायांची अख्खी परंपरा निघाली, असं सांगितलं जातं. जुन्या गोव्यात सांता मोनिकाचा मठ १६०६ मध्ये सुरू झाला. तिथल्या बिबियाना नावाच्या जोगिणीने बेबिंका केली, अशी दंतकथा आहे. दंतकथेला दंतकथेइतकाच मान द्यावा. कृती मात्र खरी आणि जिकिरीची आहे. नारळाचं दाट दूध, बलक, साखर, थोडा मैदा, जायफळ. भांड्यात तूप घालून पातळसा थर ओतायचा आणि आच वरून द्यायची. जुन्या काळी झाकणावर नारळाच्या करवंट्यांचे निखारे ठेवत. खालून आच दिली तर पहिलाच थर शेवटापर्यंत भाजत राहील आणि जळेल. वरून दिली की जो थर नुकता ओतला तोच भाजतो आणि वरून तांबूस होतो. त्यावर तूप, मग पुढचा थर. सात थर ही कमीत कमी मर्यादा मानतात, हौशी घरं सोळापर्यंत जातात. तुपाच्या पातळ पडद्यामुळे थर एकमेकांना चिकटून बसत नाहीत आणि कापल्यावर रेघा वेगळ्या दिसतात. एका थराला दहा-पंधरा मिनिटं धरली तर दुपार कुठे जाते ते हिशेब करून पाहावं.

पेराद तुलनेने सोपं. पेरू ब्राझीलकडून पोर्तुगिजांबरोबर आला आणि इथल्या मातीत असा रमला की तो बाहेरचा आहे हे सांगितलं तर कुणाला पटत नाही. काजूचीही तीच कथा. बदाम परवडत नव्हते म्हणून मुंबई-गोव्याचं मार्झिपान काजूचं झालं. नाताळ ऐन पेरूच्या हंगामात येतो. पेरूत पेक्टिन भरपूर असतं. साखर आणि लिंबाच्या रसाबरोबर गर आटवला की तो स्वतःच जेलीसारखा बांधला जातो. बाहेरून काही घालावं लागत नाही.

रोझ कुकीज किंवा गुलाबाची फुलं नावाचा आणखी एक प्रकार या ताटात असतो. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि अंड्याच्या पातळ पिठात लोखंडी फूल बुडवून ते तेलात धरायचं. नवशिक्यांची दोनच ठिकाणी फजिती होते. साचा आधी तेलातच कडक तापलेला नसेल तर पीठ त्याला धरतच नाही, आणि साचा पिठात काठोकाठ बुडाला तर फूल वरून बंद होऊन साच्यावरच अडकतं. पाऊण भाग बुडवायचा, एवढंच गुपित. हाच साचा युरोपच्या उत्तरेत आहे, केरळात अचप्पम म्हणून आहे आणि श्रीलंकेत कोकिस म्हणून.

मुलांच्या वाट्याला कुलकुल. रवा-मैद्याची सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या फणीवर दाबायची आणि गुंडाळत आणायची. शंख होतो. तळून साखरेच्या पाकात घोळवायचा. पहिल्या पन्नासांना उत्साह असतो. पुढे गोळ्यांचे आकार मोठे होत जातात, कारण त्यामुळे पीठ लवकर संपतं. हे घरातल्या मोठ्यांना माहीत असतं आणि तरी दरवर्षी ते ओरडतात.

आता लोकांना नाताळ म्हटलं की पहिल्यांदा आठवतो तो केक. या किनाऱ्यावर तो सगळ्यांत उशिरा आला, इंग्रजांबरोबर. केरळात तलश्शेरीच्या मांबळी बापू या बेकरीवाल्याने १८८३ मध्ये एका इंग्रज मळेवाल्यासाठी नाताळचा केक करून दिल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. आपल्याकडच्या घरांत भट्टी नव्हती, म्हणून मिश्रण घरी कालवून ते गल्लीतल्या बेकरीत नेण्याची पद्धत पडली. पत्र्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवून रांग लावायची, आपला डबा भट्टीत जाईपर्यंत तिथेच थांबायचं. डब्यांची अदलाबदल होऊ नये यासाठी हा पहारा. केकमधला सुकामेवा ऑक्टोबर-नोव्हेंबरातच रममध्ये भिजत पडलेला असतो. म्हणजे परदेशी असला तरी केकने इथल्या नाताळचा नियम पाळलाच: आधी करा, मुरू द्या, मग खा.

हे सगळं कॅथलिक किनाऱ्याचं झालं. महाराष्ट्रातला दुसरा मोठा ख्रिस्ती समाज घाटावर आहे, अहमदनगर म्हणजे आताचं अहिल्यानगर, जालना, सोलापूर, कोल्हापूर-मिरजेकडे, आणि त्याचा नाताळ पार वेगळ्या चुलीवर शिजतो. अमेरिकन मराठी मिशनचं काम मुंबईत १८१३ मध्ये आणि नगरला १८३१ मध्ये सुरू झालं. हे मिशनरी प्रॉटेस्टंट, साध्या राहणीचे आणि दारूच्या कडक विरोधात. त्यांच्या मंडळ्यांत आले ते मुख्यतः गावकुसाबाहेरचे लोक. तिथे बेबिंका शिकवायला जोगिणी नव्हत्या आणि रम तर चालणारच नव्हती. म्हणून नाताळला जे झालं ते मराठी घराला येत होतं तेच: करंज्या, शंकरपाळे, चकल्या, लाडू, शेव, अनारसे. दिवाळीला शेजारी जो फराळ होतो तोच दोन महिन्यांनी या घरांत होतो, आणि त्याला नावही नाताळचा फराळ असंच आहे. जेवणात मटणाचा रस्सा आणि भाकरी, नाहीतर बिर्याणी.

या समाजात नाताळच्या उपासनेनंतर मंडळीचं प्रीतिभोजन होतं, म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसून जेवणं. मला हे घाटावरच्या नाताळाचं सगळ्यांत महत्त्वाचं अंग वाटतं. कुणाच्या पंक्तीला कोण बसतो आणि कुणाच्या हातचं पाणी कोण पितो, यावर ज्या समाजात माणसाची पायरी ठरत होती, तिथे एका हंड्यातलं सगळ्यांनी खाणं हीच मोठी घोषणा होती. ती सोपी नव्हती. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला; त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे परतल्या तरी काही काळ आपलं सोवळं, वेगळं पाणी आणि वेगळा स्वयंपाक सांभाळून राहिल्या. स्वतः त्यांनी बाप्तिस्मा घेतला १९०० मध्ये. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हा सगळा झगडा त्यांनी स्वतःवरच हसत लिहिला आहे. मतं बदलायला एखादं पुस्तक पुरतं, पण दुसऱ्याच्या हातचा घास तोंडात घालायला वर्षं लागतात.

किनाऱ्यावर वाटपाची रीत ताटाची. केलेल्या गोडातलं थोडं थोडं एका ताटात मांडून, त्यावर क्रोशाचा रुमाल घालून शेजाऱ्यांकडे आणि नातलगांकडे पाठवतात. गोव्यात त्याला कोन्सुआद म्हणतात, मंगळुराकडे कुस्वार. अंडं न खाणाऱ्या शेजाऱ्यांसाठी बशी वेगळी लावतात: नेवऱ्या, पिनाग, पेराद, चण्याच्या डाळीचा दोस. दिवाळीला त्या घरातून चिवडा-लाडू आलेले असतात, त्यामुळे ताट रिकामं जाण्याचा प्रश्न येत नाही. ज्या घरी त्या वर्षी माणूस गेलेलं असतं तिथे गोड करत नाहीत. त्या घराचं ताट शेजारी आणि नातलग भरतात. हिंदू घरांत दिवाळीला नेमकं हेच होतं. कुणी कुणाचं घेतलं, हा प्रश्न इथे विचारण्यात अर्थ नाही. दोघांकडे ते एकाच गावातून आलं.

नोकऱ्या करणाऱ्या घरांत आता चार आठवडे कुणाकडे आहेत? बेबिंका आणि दोदोल बाजारात गेले. गोव्यात आणि वसईत अनेक बायका डिसेंबरात घरून ऑर्डरी घेतात, आणि दुबई किंवा टोरंटोला जाणाऱ्याच्या बॅगेत दोदोलचा डबा असतोच, कारण तो प्रवासात बिघडत नाही. काय विकत आणायचं आणि काय घरी करायचं, याची वाटणी पाहण्यासारखी आहे. ज्याला एकाच माणसाचे सलग चार तास लागतात ते विकत येतं. ज्याला अनेक हात थोडा थोडा वेळ लागतात, म्हणजे कुलकुल, नेवऱ्या, केकचं कालवणं, ते घरात टिकून आहे. सोरपोतेलही बहुतेक घरीच होतं. त्याला कष्ट एकाच दिवसाचे. पुढचे दिवस ते स्वतःच काम करतं.

सहा जानेवारीला तीन राजांचा सण येतो. गोव्यात रेईश मागूश, चांदोर आणि कासावलीच्या परिसरात मुकुट घातलेली मुलं त्या दिवशी राजे होऊन मिरवणुकीने चर्चला जातात. तोपर्यंत करंज्यांच्या डब्यात तळाला चुरा उरलेला असतो आणि केकची शेवटची चकती कुणीतरी लपवलेली सापडते. त्यानंतरच्या रविवारी येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणाने नाताळचा काळ संपतो, गोठा आवरून माळ्यावर जातो, आणि बॉटल मसाल्याच्या किती बाटल्या शिल्लक आहेत ते मोजलं जातं, मेमध्ये मिरच्या किती आणायच्या ते ठरवायला.